अपंगाने गाडी कोणती घ्यावी?

नोव्हेंबर २०२५. ब्रिटनचा अर्थसंकल्प तोंडावर आलेला, आणि अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज तिजोरीतली तूट भरून काढण्याच्या विवंचनेत. नेमक्या त्याच वेळी मोटॅबिलिटी ऑपरेशन्स नावाच्या कंपनीने आपल्या गाड्यांच्या यादीतून पाच नावे खोडली: बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, लेक्सस आणि अल्फा रोमिओ. आधी दिलेली गाडी कुणाकडून काढून घेतली नाही, पण नव्याने या गाड्या मिळणे बंद. रीव्ह्ज यांनी निर्णयाचे स्वागत केले. गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या यादीत काय आहे नि काय नाही, याची दखल देशाच्या अर्थमंत्र्यांनी घ्यावी हे नवलच. पण ही कंपनी साधीसुधी नाही. ब्रिटनमध्ये खपणाऱ्या दर पाच नव्या गाड्यांपैकी जवळजवळ एक गाडी ती एकटी घेते. तिचे ग्राहक आठ लाखांहून अधिक, आणि ते सगळे अपंग किंवा अपंग मुलांचे पालक.

या निर्णयाआधी कित्येक महिने ब्रिटिश वृत्तपत्रांत आणि समाजमाध्यमांवर 'फुकटची बीएमडब्ल्यू' गाजत होती. शेजारी धडधाकट दिसतो, जिना चढतो-उतरतो, आणि दारात सरकारच्या पैशाची चकचकीत गाडी उभी, असा तो एकूण सूर. विरोधी बाकांवरच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने एडीएचडीसारख्या निदानांची नावे घेऊन योजना फक्त गंभीर अपंगांपुरती ठेवा, अशी मागणी लावून धरली. त्याच उन्हाळ्यात मजूर पक्षाच्या सरकारने अपंगांच्या भत्त्याचे निकष कडक करण्याचा प्रयत्न करून पाहिला होता. स्वपक्षाच्याच शंभराहून अधिक खासदारांनी बंडाचा पवित्रा घेतल्यावर तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. भत्त्याला हात लावता आला नाही, तेव्हा नजर गाडीकडे वळली, असे मला तरी वाटते.

आता 'फुकटची' या शब्दात कितीसे तथ्य आहे ते पाहू. ब्रिटनमध्ये पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे पिप, या नावाचा भत्ता आहे. त्याचा एक हिस्सा हिंडण्याफिरण्यासाठी असतो. हा हिस्सा वरच्या दराने ज्यांना मंजूर होतो त्यांना एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात आठवड्याला ७७ पौंड ५ पेन्स मिळत होते, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण नऊ हजार रुपये. हा पैसा त्यांच्या हक्काचा. टॅक्सीवर खर्च करा, बॅटरीच्या खुर्चीवर करा किंवा घरात किराणा भरा, सरकार विचारायला येत नाही. यातल्याच कुणाला वाटले, तर तो ही आठवड्याची रक्कम परस्पर मोटॅबिलिटीकडे वळवतो आणि बदल्यात साधारण तीन वर्षांसाठी नवी गाडी घेतो. विमा, सर्व्हिसिंग, टायर, रस्त्यात बंद पडल्यास मदत, सगळे त्यातच आले. मुदत संपली की गाडी परत. भाड्याच्या काळात ती अपंगाच्या नावावर नसते.

भत्त्याच्या रकमेत बसणाऱ्या गाड्या यादीत असतात. काहींना तर एक पौंडही वर द्यावा लागत नाही. त्याहून मोठी किंवा भारी गाडी हवी असेल तर सुरुवातीलाच एकरकमी आगाऊ भरणा करावा लागतो. तो परत मिळत नाही. बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीजसाठी हा भरणा काही हजार पौंडांत जातो. हे पैसे सरकार देत नाही. अपंग माणूस स्वतःच्या खिशातून देतो, किंवा त्याची आई देते, किंवा निवृत्तीच्या पैशातून बाप. सरकारचा भत्ता मात्र तोच राहतो, गाडी छोटी निसान असो वा मर्सिडीज.

भाड्याचा हिशेबही वरवर दिसतो तसा नाही. तीन वर्षांच्या भाड्यात गाडीची पूर्ण किंमत वसूल करायची नसते. घेतानाची किंमत आणि तीन वर्षांनी जुन्या बाजारात येणारी किंमत यांतला फरक वसूल करायचा असतो. ज्या गाडीला जुन्या बाजारात चांगला भाव येतो ती महाग असूनही तिची घसरण कमी असू शकते. स्वस्त गाडी बाजारात आपटली तर तिचे भाडे चढते. कंपनी घाऊक खरेदी करते म्हणून कारखानदारही तिला भरघोस सूट देतात. शोरूममधल्या किमतीची पाटी वाचून 'सरकारने एवढे पैसे दिले' म्हणणाऱ्याच्या गावीही यातले काही नसते.

पण टीकाकारांचे सगळेच म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही, आणि इथे मी त्यांच्या बाजूने थोडा वेळ उभा राहतो. योजनेला करात मोठी सवलत आहे. सर्वसामान्य माणूस गाडी भाड्याने घेतो तेव्हा २० टक्के व्हॅट भरतो. मोटॅबिलिटीच्या भाड्यावर २०२५ मध्ये तो लागत नव्हता. विम्यावरचा १२ टक्के करही माफ होता. कर टक्क्यांत असल्यामुळे माफीही टक्क्यांतच मिळते: गाडी जितकी महाग, तितकी सरकारने सोडलेली रक्कम मोठी. म्हणजे भत्ता सारखा असला तरी करसवलतीत भारी गाडीवाल्याला जास्त मिळत होते, आणि ती गाडी कुणाला परवडते? ज्याच्याकडे आगाऊ भरायला पैसे आहेत त्याला. गरीब अपंगापेक्षा सुखवस्तू अपंगाला अधिक मदत करणारी सवलत हा धोरणातला खरा दोष होता. तो दाखवून देणे म्हणजे अपंगद्वेष नव्हे.

कंपनीचे वर्तनही नेहमीच सोवळे नव्हते. मोटॅबिलिटीत दोन संस्था आहेत, देखरेख करणारी धर्मादाय संस्था आणि प्रत्यक्ष व्यवहार पाहणारी कंपनी. कंपनीची मालकी बार्कलेज, एचएसबीसी, लॉईड्स आणि नॅटवेस्ट या चार बँकांकडे आहे, मात्र बँकांना लाभांश मिळत नाही. २०१८ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसने हिशेब तपासले, तेव्हा कंपनीकडे दोन अब्ज पौंडांहून जास्त राखीव निधी साठल्याचे आणि मुख्याधिकाऱ्याला लाखो पौंडांचा बोनस ठरल्याचे उघड झाले. मुख्याधिकाऱ्याने पद सोडले. तेव्हाचा लोकांचा संताप रास्त होता.

२६ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात रीव्ह्ज यांनी कराच्या बाजूला हात घातलाच. जुलै २०२६ पासूनच्या नव्या करारांत वरच्या आगाऊ रकमेवर व्हॅट, आणि विम्यावर कर. भत्त्यातून फेडल्या जाणाऱ्या भागाची माफी कायम. व्हीलचेअरसह आत शिरता येईल अशा खास बनवून घेतलेल्या गाड्या या करांतून वगळल्या. भारी गाडी घेणारा आता त्या भारीपणाचा कर भरेल. इथवर ठीक आहे. प्रश्न असा की, हे केल्यावर पाच नावे खोडून आणखी काय साधले?

या पाच कंपन्यांच्या गाड्या योजनेतल्या एकूण गाड्यांच्या सुमारे ५ टक्के होत्या. ज्याला मर्सिडीज मिळणार नाही तो योजना सोडून जात नाही. तो दुसरी गाडी घेतो. त्याचा भत्ता तोच. शिवाय बंदी नावावर आहे, किमतीवर नाही. यादीत उरलेल्या साध्या नावाच्या कंपन्याही मोठ्या, महागड्या गाड्या बनवतात, आणि खोडलेल्या कंपन्यांकडे लहान मॉडेलेही आहेत. खर्च आवरायचा तर किमतीची मर्यादा घालतात. बॉनेटवरचा बिल्ला पाहून गाड्या वेगळ्या काढल्या जातात तेव्हा हेतू वेगळाच असतो. शेजाऱ्याला काय दिसते, ते बदलायचे असते. आपल्याकडेही रेशनच्या रांगेत कुणाच्या हातात महागडा फोन दिसला की मागचे लोक कुजबुजू लागतात, त्याच जातीची ही भावना. मदत घेणाऱ्याने मदत घेणाऱ्यासारखे दिसावे.

ब्रिटनमध्ये अपंगाची गाडी पाहताक्षणी ओळखू यायची, तो काळ तिथल्या म्हाताऱ्यांना चांगला आठवतो.

एसेक्समधल्या बर्ट ग्रीव्ह्ज नावाच्या इंजिनिअरने अर्धांगवायू झालेल्या आपल्या चुलतभावासाठी खुर्चीला इंजिन बसवले, त्यातून चाळिशीच्या दशकात इन्व्हाकार कंपनी निघाली. पुढे सरकारने अशी तीनचाकी वाहने विकत घेऊन अपंगांना वापरायला दिली. शेवटचे आणि सर्वांत प्रसिद्ध मॉडेल म्हणजे मॉडेल ७०. ते इन्व्हाकारने बनवले तसे एसी कार्सनेही. कोब्रा नावाची शर्यतीची नखरेल गाडी बनवणारी हीच ती एसी कार्स. मॉडेल ७० मात्र नखऱ्यापासून कोसभर दूर. फायबरग्लासचा हलका सांगाडा, मागे छोटे इंजिन, स्टीअरिंग चाकाऐवजी हाताचा दांडा, आणि सगळ्यांना एकच रंग, फिकट निळा. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, म्हणजे माणूस कोणत्याही बाजूने सरकून आत यावा आणि घडीची खुर्ची शेजारी ठेवता यावी. कल्पना चांगली होती. पण सीट एकच. शेजारी कुणाला बसवणे बेकायदा. अपंग आई मुलाला घेऊन कुठे जाऊ शकत नसे. नवरा-बायको दोघांना एकाच लग्नाला जायचे असेल तर एकाने बस पकडायची. जोराच्या वाऱ्यात ही वाहने डगमगत, उलटत. आग लागण्याच्या तक्रारी होत्या.

गंमत म्हणजे युद्धात जखमी झालेल्यांना त्याच काळात चारचाकी मिनी गाडी मिळू शकत होती. बंदुकीच्या गोळीने पाय गेला तर चार सीटांची गाडी. पोलिओने गेला तर एका सीटची निळी डबी. याचे कारण वैद्यकीय नव्हते. पहिला अपंग देशाने आपला मानला होता, दुसऱ्याची सोय लावली होती.

अपंग चालकांच्या संघटनांनी या तीनचाकीविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. त्यांची मागणी काय होती? आलिशान गाडीची नव्हे, दुकानात मिळते तशी साधी, चार माणसांची गाडी. १९७४ मध्ये आल्फ मॉरिस ब्रिटनचे पहिले अपंगकल्याण मंत्री झाले. अपंगांसाठीचा १९७० चा गाजलेला कायदा त्यांनीच साधे खासदार असताना संसदेत आणला होता. १९७६ मध्ये 'मोबिलिटी अलाउन्स' सुरू झाला, आठवड्याला पाच पौंड. वाहन देण्याऐवजी पैसे द्यायचे, हा मोठाच बदल होता. पण पाच पौंडांत गाडी येते थोडीच? बँका अपंगाला कर्ज द्यायला तयार नसत. मग १९७७ मध्ये नामवंत वकील लॉर्ड गुडमन आणि उद्योगपती जेफ्री स्टर्लिंग यांनी बँकांना एकत्र आणून मोटॅबिलिटी उभी केली. भत्ता थेट कंपनीकडे येणार, म्हणजे हप्ता बुडायची भीती नाही. या साध्या युक्तीवर सगळा डोलारा उभा राहिला. पुढच्याच वर्षी पहिल्या गाड्या लोकांच्या हाती गेल्या. ३१ मार्च २००३ नंतर उरल्यासुरल्या निळ्या तीनचाकींना रस्त्यावर बंदी आली.

हा इतिहास ठाऊक असलेल्या अपंग माणसाला, 'तुमच्यासाठी या गाड्या, त्या तुमच्यासाठी नाहीत' हे वाक्य कसे ऐकू येत असेल ते सांगायला नको.

गाडी मिळते कुणाला, याबद्दलही बराच गैरसमज आहे. निदानाच्या नावावर कुणालाच मिळत नाही. पिपची परीक्षा गुणांवर चालते. वरच्या दरासाठी १२ गुण लागतात. उभे राहून २० मीटरपेक्षा जास्त चालता येत नसेल तर १२ गुण. ओळखीच्या रस्त्यावरूनही सोबतीशिवाय जाता येत नसेल तरी १२ गुण. यात अंध येतात, तीव्र स्वमग्नता असलेले येतात, बौद्धिक अपंगत्व असलेलेही येतात. २०१३ मध्ये पिप आला त्याआधी चालण्याचे व्यवहारात धरले जाणारे अंतर ५० मीटर होते. ते २० वर आणल्याने हजारो लोकांच्या गाड्या गेल्या. वीस मीटर म्हणजे किती? एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या की जवळपास झाले. तेवढे चालून जो थांबतो तो दुकानात उभा असताना शेजाऱ्याला धडधाकटच दिसतो.

मग एखाद्याला ठरावीकच गाडी का लागते? व्हीलचेअरवरून गाडीत बसणारा माणूस एकदा नीट पाहा. तो खुर्ची दारालगत तिरकी लावतो, ब्रेक लावतो, खुर्चीच्या गादीवरून सीटवर एक गुळगुळीत फळी टाकतो आणि हातांच्या जोरावर तिच्यावरून सरकतो. खुर्चीची गादी आणि गाडीची सीट एका पातळीत असतील तर हे काम मिनिटभराचे. सीट खोलगट असेल तर आत जाताना पडल्यासारखे जातो आणि बाहेर येताना स्वतःचे सगळे वजन खांद्यांवर उचलावे लागते. खांदे हेच त्याचे पाय; ते झिजले की संपले. सीट फार उंच असली तर चढताच येत नाही. दार किती उघडते, छत कुठे टेकते, मागच्या डिकीत खुर्ची उचलून ठेवणारा छोटा क्रेन बसतो का, सीटची कडा मऊ आहे की त्वचेला काचणारी, या गोष्टी शोरूमच्या माहितीपत्रकात नसतात. ज्याला संधिवात आहे त्याला लांबच्या प्रवासात सीटचा आधार हाच औषधाइतका महत्त्वाचा. अशा माणसाला वीस गाड्यांत बसून पाहावे लागते, आणि त्यातली जी जमते ती कधी साध्या नावाची निघते, कधी नाही. स्वतःचे पैसे घालून तो ती घेत असेल तर अडवायचे कशासाठी?

खोडलेल्या नावांबरोबर कंपनीने दुसरे एक उद्दिष्ट जाहीर केले: २०३५ पर्यंत योजनेतल्या निम्म्या गाड्या ब्रिटनमध्ये बनलेल्या असाव्यात. सुंदरलंडचा निसान कारखाना, ऑक्सफर्डची मिनी, बर्नस्टनची टोयोटा यांना त्याने काम मिळेल. उद्योगधोरण म्हणून यात वावगे काही नाही. पण स्वदेशीचे ओझे सर्वांत आधी ज्यांनी उचलायचे ते अपंग, ही निवड विचित्र आहे. मंत्र्यांच्या आणि खासदारांच्या गाड्यांपासून सुरुवात करता आली असती.

आपल्याकडे मोटॅबिलिटीसारखी योजना नाही, तरी गाडीच्या निवडीवर मर्यादा मात्र होती आणि ती बिल्ल्याची नव्हती. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अस्थिव्यंग असलेल्या व्यक्तीला केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाच्या दाखल्यावर गाडी २८ ऐवजी १८ टक्के जीएसटीने मिळे. अट अशी की, गाडी चार मीटरच्या आत असावी. पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या, डिझेल १५०० सीसीच्या वर नसावे. म्हणजे ईको बसते, अर्टिगा बसत नाही. सरकारी फाइलवर ही अट रास्त दिसते, गाडी लहान म्हणजे माणूस गरजू. प्रत्यक्षात चार मीटरच्या आतल्या गाडीची डिकी एवढीशी, आणि पेट्रोल परवडत नाही म्हणून सीएनजी घ्यावा तर सिलिंडर डिकीतच बसतो. मग व्हीलचेअर कुठे ठेवायची? मागच्या सीटवर, किंवा टपावर बांधून. पुण्या-मुंबईत व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणालाही विचारा, टॅक्सी बोलावताना त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'गाडी सीएनजी आहे का?'

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला, मोठ्यांवर ४०. अपंगांची सवलत त्या दिवशी अर्थहीन ठरली, कारण तीच गाडी तेवढ्याच करात आता कुणालाही मिळते. ज्याला खुर्ची आत मावणारी मोठी गाडी लागते त्याला पूर्वीही काही मिळत नव्हते, आताही नाही. लंडनमध्ये पाच नावे खोडली गेली तेव्हा निदान संसदेत, वृत्तपत्रांत खडाजंगी झाली. आपल्याकडे अख्खी सवलत निरर्थक झाली, आणि अपंगांच्या संघटना सोडल्या तर फार कुणी हूं की चूं केले नाही.

ही सवलत कधीतरी नव्याने आखावी लागेल. तेव्हा करमाफीला रुपयांची कमाल मर्यादा घालावी, त्यावरचा कर घेणाऱ्याने भरावा, आणि गाडी कोणती हे ज्याला तिच्यात बसायचे आहे त्याच्यावर सोडावे. लांबी, इंजिन किंवा कंपनीचे नाव यांपैकी कशाचीही अट त्यात नको.